‘पळू नका’च्या पुढे: पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेतलं सुरक्षित वागणं कसं शिकवायचं

पावसाळ्याचे दिवस होते. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर पागोळ्यांचं पाणी साचलेलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दुसरीतला एक मुलगा घसरून पायरीच्या कडेवर हनुवटीवर आपटला. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून आला, तेव्हा त्याला जवळ घेऊन मी म्हटलं, "तुला किती वेळा सांगितलं होतं रे, पळू नको म्हणून?" तो अगदी मनापासून म्हणाला, "बाई, मी पळत नव्हतो. मी भरभर चालत होतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी पळणं म्हणजे मैदानावरच्या शर्यतीत करतात ते. तोवर नोकरीची नऊ वर्षं मी रोज दहा वेळा "पळू नका" असं ओरडत आले होते आणि चालणं म्हणजे नेमकं काय, हे एकदाही करून दाखवलं नव्हतं. पाढा कधी म्हणून घ्यायचा नाही आणि येत नाही म्हणून रागवायचं, तसला प्रकार. त्या हनुवटीनंतर आम्ही शाळेतल्या तिघांनी बसून ठरवलं की सुरक्षित वागणं हासुद्धा विषय आहे. त्याला तास हवा, सराव हवा आणि उजळणीही हवी. पुढे लिहिलं आहे ते त्यानंतरच्या वर्षांत आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत घडत गेलं. द्विशिक्षकी शाळेत, अंगणवाडीत किंवा शहरातल्या मोठ्या शाळेतही ते थोड्या फेरफाराने जमेल.

सुरुवात मुलं यायच्या आधी

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आपण वर्ग झाडून घेतो, फळ्याला रंग देतो. त्याच दिवशी एक काम आणखी करा. शाळाभर गुडघ्यांवर बसत बसत फिरा. सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून शाळा निराळीच दिसते. आपल्या कमरेशी असलेली खिडकीची उघडी झडप त्याच्या डोळ्याशी येते. बाकाखालून वर आलेला खिळा आपल्याला दिसतच नाही, त्याच्या मांडीला लागतो. नळाच्या ओट्याभोवतीचं शेवाळ, दाराच्या बिजागरीतली बोट जाईल एवढी फट, जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर, किचनशेडच्या दारात टेकवून ठेवलेली सिलिंडरची टाकी. हे सगळं वहीत उतरवून घ्या.

मग त्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न विचारा: हे दुरुस्त करता येईल का? येत असेल तर दुरुस्त करा, त्यावर नियम करू नका. "त्या बाकावर जपून बसा" असं वर्षभर सांगण्यापेक्षा खिळा ठोकायला पाच मिनिटं लागतात. ओट्याचं शेवाळ आठवड्यातून एकदा खराट्याने घासलं तर "ओट्यावर घसराल" म्हणायची वेळच येत नाही. मोठ्यांची कामं मुलांच्या शिस्तीवर ढकलू नयेत, याबाबत मी फार आग्रही आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवरचे निम्मे नियम हे खरं तर राहून गेलेल्या दुरुस्त्या असतात.

या फेरीला शाळा व्यवस्थापन समितीतल्या चार-पाच पालकांना सोबत घ्या. कायद्याने या समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. एरवी सभेच्या कोरमसाठी सही घ्यायला आपण त्यांना बोलावतो. गुडघ्यावर बसून दाराची फट स्वतः पाहिलेली आई मात्र पुढच्या आठवड्यात सुताराला घेऊन येते.

दुसरी वस्तू म्हणजे ‘लागल्याची वही’. प्रथमोपचार पेटीजवळ एक वही दोरीने बांधून ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, एवढंच लिहायचं. मुलाचं नाव नको, नाहीतर ती तक्रारवही होते. आमच्या वहीच्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक नोंदी तीनच जागांच्या निघाल्या: नळाचा ओटा, जिना आणि शाळा सुटताना फाटक. मैदानाची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती होती, तिथल्या नोंदी त्या मानाने थोड्या. कुठे शिकवायचं, हे त्या वहीनेच ठरवलं.

नियम थोडे, आणि काय करायचं ते सांगणारे

वीस नियमांचा फलक कुणी वाचत नाही. पहिलीच्या मुलाला तर तो वाचताही येत नाही. आमच्याकडे पूर्ण शाळेसाठी तीनच नियम आहेत:

एक पाय जमिनीवर.
हातभर अंतर.
लागलं, दिसलं, भीती वाटली तर लगेच सांगा.

पहिल्या नियमाचं मूळ त्या हनुवटीत आहे. चालताना एक पाय कायम जमिनीला टेकलेला असतो आणि पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. भरभर चाललं तरी चालेल, पण एक पाय जमिनीवर हवा. हे मुलाला करून पाहता येतं, शेजाऱ्याचे पाय बघून तपासताही येतं. व्हरांडा, जिना, वर्ग आणि ओटा इथे हा नियम लागू. मैदानात नाही. मैदान पळण्यासाठीच आहे, हेही मुलांना मोकळेपणाने सांगा. जिथे पळायला हक्काची जागा मिळते, तिथली मुलं व्हरांड्यात चालायला सहज तयार होतात.

"ढकलू नका" म्हटलं की मुलाच्या डोक्यात ढकलणंच येतं. त्याऐवजी "हात पुढे कर, पुढच्याच्या पाठीला बोटं लागली तर अर्धं पाऊल मागे." म्हणजे हातभर अंतर. रांगेत, जिन्यावर, पाण्याच्या नळावर आणि खिचडीच्या ताटाशी हाच नियम.

शब्द मात्र मुलांच्या तोंडचे ठेवा. घरी अहिराणी, गोंडी, बंजारा किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला नियम पाठ होतो, पण ऐन वेळी आठवत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना विचारा, "हे तुमच्या आईला कसं सांगाल?" ती जे सांगतील ते फळ्यावर लिहा आणि तसंच म्हणून घ्या.

जिथला नियम तिथेच शिकवायचा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. परिपाठाला मुलं मैदानात रांगेत उभी असतात आणि आपण जिन्याचा नियम माईकवरून सांगतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि सूचना या ओघात तो वाहून जातो. जिन्याचा धडा जिन्यावर घ्या, नळाचा नळावर.

आमचा जिन्याचा धडा कसा होतो ते सविस्तर सांगते, कारण बाकी सगळे धडे त्याच साच्यातले आहेत.

वर्गाला जिन्याखाली अर्धगोल बसवते. आधी विचारते, "इथे कुणी कुणी पडलंय?" हात वर येतात, गुडघे दाखवले जातात, आपल्या जखमेची गोष्ट प्रत्येकाला सांगायची असते. ती सांगू द्या. पाच मिनिटं गेली तरी चालतील, नियम का हवा हे त्या गोष्टींतच येतं. मग मी स्वतः जिना उतरून दाखवते आणि तोंडाने बोलत राहते: "हात कठड्यावर. नजर पायरीवर. एका वेळी एक पायरी. दप्तर दोन्ही खांद्यांवर." आमच्याकडे कठडा एकाच बाजूला आहे. म्हणून उतरणाऱ्यांनी कठड्याच्या बाजूने आणि चढणाऱ्यांनी भिंतीच्या बाजूने जायचं, कारण उतरताना पडलं तर जास्त लागतं. डावं-उजवं असं मी मुद्दाम सांगत नाही. पहिलीच्या मुलांना ते अजून नीट उमगलेलं नसतं. भिंत आणि कठडा मात्र कुणी चुकत नाही. दोन्ही बाजूंना तेलरंगाने छोटी पावलं रंगवून घेतली आहेत, एका बाजूला वर जाणारी, दुसऱ्या बाजूला खाली येणारी.

यानंतर चुकीचं करून दाखवायचं असतं. ते काम फक्त शिक्षकाचं. मी दोन पायऱ्या एकदम उतरल्याचा आव आणते, मागे बघत बोलत उतरते, आणि मुलं ओरडतात, "बाई, हात! बाई, पायरी!" हा भाग त्यांना सगळ्यात आवडतो आणि नेमकं म्हणूनच एखादा मुलगा म्हणतो, "मी करून दाखवू चुकीचं?" त्याला नाही म्हणायचं. मुलाच्या अंगवळणी बरोबरच तेवढं पडायला हवं. चुकीचं केल्यावर वर्ग हसला की तीच गंमत मधल्या सुट्टीत पुन्हा होते, हा अनुभव मी एकदा घेतला आहे.

मग चार-चार मुलं चढतात, उतरतात. बाकीची बघतात आणि काय बरोबर झालं ते सांगतात. "शाब्बास" एवढंच म्हणू नका. "तू वळणावर थांबून वरच्यांना जाऊ दिलंस" असं नेमकं म्हणा. मुलाला आपण काय बरोबर केलं हे तेव्हा कळतं.

पंधरा-वीस मिनिटांत धडा होतो. पहिले दोन आठवडे रोज सुट्टीच्या आधी दोन मिनिटं उजळणी, मग आठवड्यातून एकदा. अभ्यासक्रम मागे पडेल अशी काळजी मलाही होती. प्रत्यक्षात रोज सुट्टीनंतर भांडणं आणि खरचटणं निस्तरण्यात जाणारी दहा मिनिटं वाचू लागली.

थांबण्याची खूण

काहीही शिकवण्याआधी एका खुणेवर सगळ्यांना जागच्या जागी थांबता आलं पाहिजे. आमची खूण म्हणजे शिट्टी एकदा लांब आणि गुरुजींचा वर गेलेला हात. सराव खेळातून करून घ्या. ‘स्टॅच्यू’, ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘विषामृत’ हे आपले जुने खेळ थांबणंच शिकवतात. विषामृतात विष मिळालेलं मूल कुणी अमृत देईपर्यंत हलत नाही. शिट्टीला ‘विष’ म्हटलं की पहिलीची मुलंसुद्धा दगडासारखी उभी राहतात.

आमच्या तिसरीत ऐकू न येणारी एक मुलगी होती. शिट्टीवर सगळे थांबले की ती एकटीच पुढे जात राही. हात वर करण्याची भर तिच्यामुळे पडली. शिवाय तिच्या शेजारणीने खांद्यावर दोनदा थोपटायचं ठरलं. आता ती दुसऱ्या शाळेत गेली, पण हात वर करणं राहिलं, कारण कल्लोळात शिट्टी न ऐकू येणारी मुलं बरीच असतात. चालायला वेळ लागणाऱ्या, जाड चष्म्याच्या किंवा फिट येणाऱ्या मुलासाठी काय वेगळं हवं, ते वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच्या आई-वडिलांना विचारून घ्या.

खिचडीची वेळ

उकळतं पातेलं ही शाळेतली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. गरम आमटीच्या पातेल्यात मूल पडल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. इथे मुलांना शिकवण्याआधी मोठ्यांची रीत बदला. मुलं आधी पंगतीत बसतील, मग पातेलं किचनशेडमधून निघेल. मुलांच्या गर्दीतून पातेलं कधीच न्यायचं नाही. ते धरायला दोन माणसं आणि कोरडी फडकी हवीत. वाढपी पंगतीत फिरेल, मूल पातेल्यापाशी येणार नाही. किचनशेडच्या दारापासून तीन पावलांवर फक्कीची रेघ मारा, खो-खोच्या मैदानाला मारतो तशी. त्या रेघेपलीकडे मुलांनी जायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना या सगळ्यात बरोबरीने सामील करा. चौथीच्या मुलांना वाढायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मी गरम पदार्थ मुलांच्या हाती देत नाही, केळी आणि पाणी देते.

मुलांना शिकवायचं ते एवढं: मांडी घालून बसणं, हात मांडीवर, ताट जमिनीवर असतानाच वाढून घेणं आणि चव वेगळी लागली तर लगेच सांगणं. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत पोषण आहारातून २३ मुलं दगावली. कीटकनाशक मिसळलेल्या तेलात तो स्वयंपाक झाला होता. त्या दिवशी मुलांनी चवीबद्दल कुरकुर केली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची हा नियम आहेच, तो कागदावरच्या सहीपुरता ठेवू नका. आणि मूल "बाई, कडू लागतंय" म्हणालं तर "नखरे करू नकोस" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका.

मैदान, फाटक आणि रस्ता

मैदानाचं थोडक्यात. झोक्यासमोर आणि मागे फक्कीने हद्द आखा, घसरगुंडीवर खालचं मूल बाजूला झाल्यावरच वरच्याने सुटायचं, दगड-काठी हातात घ्यायची नाही, लगोरीसाठी कवेलूच्या तुकड्यांऐवजी लाकडी ठोकळे. सुट्टीत एक शिक्षक फिरता असला पाहिजे, खुर्ची टाकून बसलेला नव्हे. पावसाळ्यात वर्गाबाहेर काढलेले चप्पल-बूट उलटे आपटून मगच पायात घालायचे, कारण आत विंचू किंवा सापाचं पिल्लू असू शकतं. आमच्याकडे हे मुलं आता घरीही करतात. साप दिसला तर जागच्या जागी थांबायचं, मागे सरायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची. चावला असं वाटलं तर पळायचं नाही, बसून राहायचं आणि सांगायचं. पुढे मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात, १०८ची गाडी बोलावून.

फाटकाशी मुलं एकदम फुटतात. म्हणून सगळ्यांना एकाच घंटेला सोडू नका. आधी पहिली-दुसरी, पाच मिनिटांनी तिसरी-चौथी. रिक्षा-व्हॅनची मुलं आत भिंतीशी रांगेत थांबतात, गाडी उभी राहून दार उघडल्यावरच निघतात. पहिलीचं मूल रोज न्यायला येणाऱ्या माणसाच्याच हाती द्यायचं. दुसरं कुणी आलं तर घरी फोन करायचा, मग तो सख्खा मामा का असेना. पालकांना आणि मुलाला मिळून एक खूणशब्द ठरवायला सांगा. तो शब्द ज्याला माहीत नाही त्याच्याबरोबर मूल जाणार नाही.

रस्ता ओलांडताना थांबायचं, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघायचं. एसटीतून उतरलं तर गाडी निघून जाईपर्यंत थांबायचं, तिच्या पुढून धावायचं नाही. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या कडेने चालायचं. खऱ्या रस्त्यावर नेण्याआधी हे मैदानात फक्कीने रस्ता आखून, मुलांनाच गाड्या बनवून करून घ्या.

सांगणं म्हणजे चहाडी नाही

तिसरा नियम सांगायला सोपा आणि रुजायला सगळ्यात अवघड. कारण तो मोडणारे बहुतेक वेळा आपणच असतो. मूल तक्रार घेऊन येतं, आपण वही तपासत असतो, आणि म्हणतो, "चहाड्या सांगत फिरू नकोस, जा जागेवर." पाचव्यांदा असं झालं की ते सांगणं सोडतं, आणि ज्या दिवशी खरंच सांगण्यासारखं असतं त्या दिवशीही गप्प राहतं.

मुलांना फरक असा शिकवते: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं ती चहाडी, कुणाला लागू नये म्हणून सांगितलं ती मदत. मग उदाहरणं देते. "राजूने माझा खोडरबर घेतला." "मीना भिंतीवर चढलीय." "मोठ्या पोराने मला कोपऱ्यात बोलावलं आणि कुणाला सांगू नको म्हणाला." मुलं हात वर करून ठरवतात. शेवटच्या वाक्यावर वर्ग शांत होतो, दर वर्षी. पण फरक करायची जबाबदारी मुलांवर टाकून मोकळं होऊ नका. शंका असेल तर सांगायचं, आणि आपण ऐकायचं. हातातला पेन खाली ठेवून, त्याच्या उंचीला बसून. खोडरबराचं ऐकून घ्यायला अर्धं मिनिट लागतं, आणि बाई ऐकतात ही खात्री त्यातूनच तयार होते.

शरीराच्या सुरक्षिततेचा धडा याच ओघात घ्या, वेगळा गंभीर ‘विशेष तास’ करू नका. चड्डीच्या किंवा बनियनच्या आत जे झाकलेलं असतं ते आपलं खासगी. आंघोळ घालणारी आई किंवा आईसमोर तपासणारे डॉक्टर सोडून कुणी तिथे हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. कुणी आपल्याला स्वतःच्या तशा जागी हात लावायला सांगायचं नाही. असं झालं तर मोठ्याने "नाही" म्हणायचं, तिथून निघायचं, सांगायचं. आणि त्या क्षणी "नाही" म्हणता आलं नाही, तरी चूक तुझी नाही, नंतर कधीही सांगितलंस तरी चालेल. हे शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी म्हणा. ओरडता न येणं ही भीतीने होणारी गोष्ट आहे आणि त्यासाठी मूल स्वतःला दोष देत बसतं. अवयवांची नावं साधी आणि खरी वापरा, म्हणजे सांगताना मुलाला शब्द सापडतो.

मग प्रत्येक मुलाला एका हाताचा पंजा वहीत गिरवायला लावा. पाच बोटांवर पाच माणसं लिहायची, ज्यांना काहीही सांगता येईल. घरातली सगळी पाच नकोत, शाळेतलं निदान एक हवं. एका मुलाने चार बोटं कोरी ठेवून एकावरच ‘आजी’ लिहिलं होतं. त्या वर्षी मी त्याच्याशी रोज काहीतरी बोलायचा नेम धरला. दिवाळीनंतर त्याने स्वतः येऊन दुसऱ्या बोटावर ‘बाई’ लिहिलं.

१०९८ हा संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना उलट्या मोजणीने पाठ होतो: दहा, नऊ, आठ. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२चा आहे, आणि त्याच्या कलम १९प्रमाणे अशा गोष्टीची माहिती किंवा शंका असलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना आधी सांगून बघू, गावात बोभाटा होईल, असा विचार करत बसण्याची कायद्यात जागा नाही. मुलाला खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि कळवा. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना समोर आल्यावर शाळाशाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीची चर्चा झाली. ती हवीच. पण चार वर्षांच्या मुलीला पेटीत चिठ्ठी टाकता येत नाही, तिला माणूसच लागतो.

संकटाचा सराव

१६ जुलै २००४ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेच्या स्वयंपाकघरातून पेटलेली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. सारणच्या त्या शाळेची तारीखही १६ जुलैच. म्हणून आमच्या शाळेत वर्षातला पहिला मोठा सराव १६ जुलैच्या आसपास असतो. शाळा उघडून महिना झालेला असतो, थांबणं आणि रांग अंगवळणी पडलेली असते, तेव्हाच सराव जमतो.

आगीसाठी: घंटा सलग वाजत राहील, दप्तर-चप्पल जागेवर, शिट्टी-हात, रांग, ठरलेल्या दाराने ठरलेल्या झाडाखाली, हजेरी. हजेरीपट शिक्षकाच्या हातात असलाच पाहिजे. शौचालयात कोण आहे ते बघायचं काम एका मोठ्या माणसाचं, आधी ठरलेलं.

भूकंपासाठी पुस्तकात ‘बाकाखाली शिरा’ असतं. आपल्या पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर बसतात, बाक नसतोच. मग कपाट, खिडकी आणि फळा यांपासून लांब, आतल्या भिंतीशी गुडघ्यात डोकं घालून बसायचं आणि डोक्यावर दप्तर धरायचं. हादरा थांबल्यावर बाहेर मोकळ्यावर. कोयनेचा १९६७चा आणि किल्लारीचा १९९३चा, दोन्ही भूकंप पहाटेचे, मुलं शाळेत नव्हती. गुजरातचा २००१चा मात्र २६ जानेवारीच्या सकाळी झाला आणि अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुलं अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली सापडली. प्रभातफेरीचा मार्ग ठरवताना मी आता जुन्या माडीच्या गल्ल्या टाळते.

सराव कधीही घाबरवून घेऊ नका. "आग लागली!" अशी खोटी हाक देऊन मुलांची परीक्षा बघणं मला साफ नामंजूर आहे. त्यातून मुलं रडतात आणि पुढच्या वेळी खऱ्या हाकेवर विश्वास ठेवत नाहीत.

नियम मोडला तर

तो मोडणारच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत, आणि कायदा नसता तरी छडीचा इथे उपयोग नाही. छडीच्या धाकाने मूल बाई असताना चालतं आणि बाई नसताना पळतं.

आमची रीत अशी. व्हरांड्यात पळालेल्या मुलाला थांबवायचं, शांतपणे विचारायचं, "काय करायचं होतं?" तो सांगतो, "एक पाय जमिनीवर." "मागे जा आणि तसा चालत ये." तो परत जातो, चालत येतो, आपण "आता बरोबर" म्हणतो आणि विषय संपतो. चारचौघांत लाज नाही, वडिलांना निरोप नाही. तेच मूल रोज तेच करत असेल तर कारण शोधा. एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज नळाकडे सुसाट जायचा. चौकशी केली तेव्हा कळलं की मोठी मुलं नळ अडवतात आणि घंटा होईपर्यंत त्याला पाणीच मिळत नाही. दोन तोट्या पहिली-दुसरीसाठी राखून ठेवल्या, त्याचं पळणं थांबलं.

मारामारी, चावणं किंवा जाणूनबुजून दगड मारणं झालं तर आधी दोघांना वेगळं करा, लागलेल्याला बघा, राग उतरू द्या, मग बोला. रागाने थरथरणाऱ्या मुलाला शिकवलेलं काही आत जात नाही.

आणि आपण स्वतः जिन्यावरून मोबाइल बघत उतरत असू, तर वरचं सगळं वाया.

उजळणी, आणि उशिरा आलेली मुलं

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जिना, नळ, पंगत आणि फाटक यांचे धडे पुन्हा घ्या, जूनमधले तसेच. दर महिन्याला ‘लागल्याची वही’ उघडून बघा. एखादी नवी जागा डोकं वर काढत असेल तर तिथे धडा लावा.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या मुलांचे निम्मे धडे बुडालेले असतात. बाहेरून ऊसतोडीसाठी आलेल्यांची मुलंही मध्येच दाखल होतात. अशा मुलासाठी ‘सोबती’ ठरवतो. पहिला आठवडा सोबती त्याला सगळीकडे घेऊन जातो, शौचालय, पाणी, पंगत, फाटक. शिकवायची पद्धत सोबत्याला आधीच माहीत असते, कारण तो तशाच पद्धतीने शिकलेला असतो.

मागच्या वर्षी बाहेरगावहून एक मुलगी पहिलीत आली. ती आधी जिना असलेल्या शाळेत कधी गेलीच नव्हती, पहिल्याच पायरीशी अडून उभी राहिली. तिसरीतली तिची सोबतीण वर गेली, परत खाली आली आणि म्हणाली, "हे बघ, इथं भिंतीला हात लाव. वर जायचं असलं की भिंत. आपण दोघी एकेक पायरी घेऊ." मग तिचा हात धरून भिंतीला टेकवला, आणि दोघी रंगवलेल्या पावलांवर पाय ठेवत वर गेल्या.